पेन्सिलीच्या फुल्या

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यात दोनदा मी पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या तिथे सह्या केल्या. दोन्ही वेळा तिने कागद वाचला नाही. तिला वाचता येत नाही असं मुळीच नाही. अकोल्यात शेजाऱ्यांचा पेपर रोज सकाळी आधी तीच वाचते आणि मग घडी घालून त्यांना देते. पण माझ्या कागदांच्या वेळी तिने कागदाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं. हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

पहिली सही हक्कसोडीची. वडील गेल्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडची आमची सात एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर व्हायची होती, आणि त्यासाठी बहिणीने आपला वाटा सोडल्याचं लिहून द्यायचं होतं. आमच्याकडे हे असंच चालतं. कोणी बळजबरी करत नाही, कोणी विचारतही नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी बहिणीला एक चांगली साडी घ्यायची, हॉटेलात जेवू घालायचं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचं. मी अंजिरी रंगाची साडी घेतली होती. ताईला ती इतकी आवडली की गाडीत बसल्यावर तिने पिशवीतून काढून पुन्हा एकदा पदर पाहिला. मी तेव्हा अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होतो. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो हा कायदा मला नीट ठाऊक होता, आणि मी खिडकीशी उभा राहून तिला हात हलवत होतो.

पुढे त्या जमिनीतून रस्ता गेला. बरीचशी जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, आणि तो सगळा माझ्या खात्यात जमा झाला. तो पाहून मला आनंद झाला आणि दोन दिवसांनी झोप लागेना. ताईचा नवरा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अकोल्याच्या जुन्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत ती राहायची, फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. मी ठरवलं की सहा लाख तिला द्यायचे. सहा कसे ठरवले, तर बायकोला सांगताना फार वाटू नयेत आणि मला फार कमी वाटू नयेत, असा तो आकडा होता. बरोबर अर्धे करावेत हे मनात आलं होतं. आलं तसं गेलं.

देतो म्हटल्यावर सरळ द्यायचे ना. पण मी मास्तर. पंचवीस वर्षं 'जोखीम आणि परतावा' हा धडा शिकवलेला माणूस. फळ्यावर तराजू काढायचो, एका पारड्यात जोखीम, दुसऱ्यात परतावा. पोरांना कळावं म्हणून वडिलांचं उदाहरण द्यायचो. आमचे वडील कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकायचेच. कपाशी गेली तर तूर हाती राहील म्हणायचे. कापूसही कधी एकदम विकला नाही त्यांनी. थोडा दिवाळीआधी, थोडा भाव पाहून. हे सांगितलं की वर्गात पोरं खूश, आणि त्यांच्यापेक्षा मी खूश. त्या तुरीच्या ओळी ताईने लहानपणी एकेक दाणा हाताने मातीत खोचून टोबलेल्या होत्या, मी बांधावर बसून बोरं खाल्ली होती. पण उदाहरण माझं झालं होतं.

त्या वर्षांत स्टाफरूममधला प्रत्येक जण मोबाइल काढून आपला फंड किती वाढला ते दुसऱ्याला दाखवायचा. मधल्या सुट्टीत चहापेक्षा तेच जास्त व्हायचं. मीही त्यातला एक, फरक इतकाच की माझा स्वतःचा एक रुपया त्यात नव्हता. मी नुसता सल्ले द्यायचो. माझे पैसे बँकेत मुदत ठेवीत होते. मुलाचं लग्न व्हायचं होतं, घराची फरशी बदलायची होती, आणि बायकोने बजावलं होतं की लग्नाच्या पैशाला हात लावला तर बघा. ती तेव्हा असंही म्हणाली की ताईंचेही इथेच ठेवा, मुदत संपली की घेतील त्या. मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

मला वाटायचं, माझ्या पैशांना कामं आहेत आणि ताईचे पैसे मोकळे आहेत. ते बुडाले तर काही अडणार नाही आणि दुप्पट झाले तर भावाने केलं म्हणून चार लोकांत ती सांगेल. हे मी इतक्या उघड शब्दांत तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो. पण मनात होतं ते हेच. जोखीम तिची आणि शाबासकी माझी, असा तो हिशेब होता.

फॉर्म मी माझ्या घरी बसून भरला. छोट्या कंपन्यांचे शेअर घेणारा एक फंड होता, सगळ्यांत जोरात पळणारा. फॉर्मसोबत एक प्रश्नावली होती, गुंतवणूकदाराला किती जोखीम झेपेल ते ठरवणारी. त्यात विचारलं होतं की गुंतवणुकीची किंमत अचानक बरीच घसरली तर तुम्ही काय कराल. पैसे काढून घ्याल, थांबाल, की आणखी टाकाल? मी 'आणखी टाकेन' वर खूण केली. जी बाई दोऱ्याचे उरलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवते तिच्या वतीने मी ती खूण केली. पुढचा प्रश्न असा होता की ही रक्कम पाच वर्षांच्या आत लागण्याची शक्यता आहे का. तिथे मी 'नाही' लिहिलं.

शक्यता होती, आणि मला ती ठाऊक होती. आदल्याच उन्हाळ्यात ताईने सांगितलं होतं की घरमालक थकले आहेत, त्यांच्या मागे मुलं काही हे घर ठेवणार नाहीत, पण विकताना आधी तिला विचारू असा त्यांनी शब्द दिला आहे. त्या दोन खोल्या रस्त्यावर उघडतात. खिडकीशी मशीन, खिडकीच्या बाहेर ओटा. बायका भाजी घेऊन जाता जाता ओट्यावर टेकायच्या आणि ब्लाउज टाकून जायच्या. अठरा वर्षांत ताईला कधी पाटी लावावी लागली नाही. ते घर घ्यावं एवढी एकच इच्छा तिने माझ्यापाशी बोलून दाखवली होती. मी ती ऐकली होती आणि तरी 'नाही' लिहिलं, कारण 'हो' लिहिलं असतं तर तो फंड तिच्यासाठी नाही असं उत्तर आलं असतं.

अकोल्याला जाऊन मी फुल्यांच्या जागी तिच्या सह्या घेतल्या. भाऊबीजेला तिने ओवाळलं तेव्हा ताटात नोटेऐवजी त्या फंडाचा छापील कागद घडी करून ठेवला. सहा लाखांचा आकडा वर येईल अशी घडी घातली होती. ताई रडली. निरांजनाचं तेल लागू नये म्हणून तिने कागद लगेच उचलला, पदराला पुसला आणि कपाटातल्या साडीखाली ठेवला. ती अंजिरी साडीच होती. मग तिने एकच विचारलं, की लागले तर हे मोडता येतात ना. मी हसून म्हणालो की मोडायचे कशाला, वाढू दे. तिने पुन्हा विचारलं नाही.

वर्षभर पैसे वाढले. पावणेसातपर्यंत गेले. मी तिला दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करून आकडा सांगायचो, आणि सांगताना आवाज जरा मोठा ठेवायचो म्हणजे बायकोलाही ऐकू जाईल. मग ते उतरू लागले. उतरू लागल्यावर माझे फोन कमी झाले. पुढे पुढे मी फोनवर तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो, अकोल्याच्या उन्हाबद्दल बोलायचो, आणि ती काही विचारायच्या आत ठेवून द्यायचो.

त्याच हिवाळ्यात घरमालक गेले. मुलांनी शब्द पाळला. नऊ लाख सांगितले आणि आधी ताईला विचारलं. महिन्याची मुदत दिली. ताईने शिवणकामातून तीन लाख जमवलेले होते. तिने मला फोन केला, तो फोन मी कधी विसरणार नाही. इतकी खुशीत होती. म्हणाली, "भाऊ, माये तीन अन् तुये सहा. बरोबर नऊ होतात पाय."

त्या दिवशी तिचे सहा साडेचार झाले होते.

दीड लाख कमी पडत होते. माझ्याकडे दीड लाख होते, त्याच्या कितीतरी पट होते, बँकेत. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो. काउंटरवर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने खुर्ची दिली, पाणी मागवलं. ठेव मोडायची आहे म्हटल्यावर ती काळजीने म्हणाली, सर, पाचच महिने राहिलेत, आता मोडली तर व्याज कापलं जाईल. किती, ते तिने काढून दाखवलं. चौदा हजारांच्या आसपास होतं. मी अर्ज घेतला, भरला, सही केली आणि विचार करतो म्हणून खिशात घालून बाहेर आलो.

राजकमल चौकात एका टपरीवर मी चहा घेतला आणि खरंच विचार केला. चौदा हजार कशाला घालवायचे? मालकाची मुलं थांबतील पाच महिने. दीड लाखच तर बाकी आहेत. मी समजावतो त्यांना. मी बहिणीचं घर एका पारड्यात टाकलं होतं आणि दुसऱ्यात चौदा हजार, आणि चौदा हजारांचं पारडं खाली जात होतं. याची मला लाज वाटते. पैसे उतरले त्याची इतकी वाटत नाही. बाजार चढतो आणि उतरतो, ते माझ्या हातात नव्हतं. त्या टपरीवर बसून मी जो विचार केला तो मात्र पूर्ण माझा होता.

त्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. अर्ज खिशातच होता. वाटेत मन दहादा बदललं, पण अकोला स्टेशन येईपर्यंत, खरं सांगतो, द्यायचे असं ठरलं होतं. मुलं थांबत नसतील तर उद्या सकाळी ठेव मोडायची. मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं. रिक्षात बसल्यावर तर मी तिला हे कसं सांगायचं, याची वाक्यंही जुळवली.

ताई मशीनवर होती. मला पाहून उठली नाही. हातातला फॉल संपवून घेते म्हणाली. मी विषयाला हात घातला, की बाजाराचं असं असतं, वरखाली होतं, थोडी कळ काढावी लागते. वर्गात सांगायचो तसंच सांगत होतो. तिने मशीन थांबवलं.

"मले म्हाईत हाय भाऊ," ती म्हणाली. "मेसेज माया मोबाइलवर येते. सहाचे साडेचार झाले."

फॉर्मवर मी तिचाच नंबर टाकला होता. ते पार विसरलो होतो. म्हणजे मी गुडघ्यांची चौकशी करत होतो ते सगळे महिने तिला दर वेळी आकडा कळत होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली की ओवाळणीत पडलेलं कोणी मोजतं का, आणि बोलून तुला काहून कष्टी करू. मालकाच्या मुलांशीही ती बोलून आली होती. ते महिन्यापलीकडे एक दिवस थांबायला तयार नव्हते, दुसरं गिऱ्हाईक हातात होतं.

मी खिशाकडे हात नेला. अर्ज काढायचाच होता. त्याआधी तिने मान वर केली आणि विचारलं.

"एक सांग. तुयेबी यातच व्हते ना?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो आणि चिडून खरं बोललो असतो. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की भावाने जे तिच्यासाठी चांगलं म्हणून निवडलं तेच स्वतःसाठीही निवडलं होतं. बाकी तिला काही नको होतं. आणि 'नाही, माझे मी बँकेत ठेवले' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

"हो ताई," मी म्हणालो. "मायेबी यातच व्हते."

तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांचं काहीतरी तिच्या मनातून उतरलं असावं. "मंग जाऊ दे," ती म्हणाली. "तुये तं जास्त गेले असतीन."

त्यानंतर अर्ज काढता येणं शक्य नव्हतं. ज्याचे पैसे गेले तो दीड लाख कुठून आणणार? एका 'हो'ने मी तिच्या घराचं दार लावून घेतलं, आणि ते तिच्यासमोर बसून. उसने आणले असं सांगता आलं असतं, नंतर सुचलं. शंभर गोष्टी नंतर सुचल्या. तेव्हा मी मान खाली घालून बसलो, आणि माझे पैसे गेले म्हणून मी खचलोय असं समजून ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिने मला पिठलं-भाकर वाढली. निघताना माझ्या शर्टाच्या खिशात पाचशेची नोट कोंबली, तिकिटाला असू दे म्हणाली. नोट आत जाईना म्हणून तिने आतला कागद बोटांनी बाजूला सारला. तो बँकेचा अर्ज होता. घरी बायकोला एकदम सांगून घाबरवू नकोस, हेही तिनेच मला समजावलं.

घर दुसऱ्याने घेतलं. ताईने साडेचार काढून घेतले आणि स्वतः बँकेत जाऊन मुदत ठेवीत टाकले. या वेळी कागद नीट वाचूनच सही केली असेल. आता ती गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटमध्ये राहते, मागच्या बाजूची एक खोली आहे, तिथे ओटा नाही आणि रस्ताही दिसत नाही. तिने पाटी लावली आहे. जुन्या बायकांपैकी दोघी-तिघी रिक्षा करून येतात, बाकीच्यांना जवळ दुसरी कोणी मिळाली. पुढे बाजार सावरला तेव्हा स्टाफरूममधले म्हणाले की थांबायला हवं होतं. त्यांचं बरोबर होतं, धड्यातही तसंच आहे. पण ज्या पैशांना घर घ्यायचं होतं त्यांना थांबायला वेळ नव्हता, आणि तो नाही हे मला फॉर्म भरतानाच ठाऊक होतं.

माझी ठेव पाच महिन्यांनी पूर्ण व्याजासकट आली. फरशी बदलून झाली.

यंदा भाऊबीजेला बायकोही सोबत आली. ताईने त्या एका खोलीत पाट मांडला. ओवाळताना मी पाकीट काढलं तर तिने हात धरला. "अकराच टाक," म्हणाली. "तुयेबी तं गेले. तुये तू सावरून घे आधी." मी अकरा रुपये टाकले. मग ती माझ्या बायकोकडे वळून म्हणाली की याला घरी काही बोलत जाऊ नका, माझ्या भल्यासाठी करायला गेला आणि स्वतःचेही घालवून बसला, एवढ्यावरून कोणी भावाला नाव ठेवतं का.

बायकोच्या हातात फराळाची ताटली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ताईला हो म्हणाली आणि ताटली खाली ठेवली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर गेलं. त्याच्या पुढे जिथे आमची कपाशी असायची तिथला रस्ता गाडीतून दिसतो, ट्रक चाललेले असतात. तो मागे पडल्यावर तिने तोंड न वळवता विचारलं, "तुमचे कोणते गेले?"

"कोणतेच नाही," मी म्हणालो.

बडनेरा आलं, आम्ही उतरलो. हे जिला सांगायला हवं होतं तिला मी अजून सांगितलेलं नाही, आणि पुढच्या भाऊबीजेलाही ती मला अकराच टाकायला लावेल.